मैदानावरच्या लेकी आणि त्यांना शिकविणाऱ्या
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर तालीम आणि तरबियत यांवर बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज फुटबॉलवर बोलणार आहे. आणि तेही मुलींच्या फुटबॉलवर. आपल्यापैकी काहींना वाटेल की वक्ता विषय सोडून भरकटला. माझी विनंती एवढीच, की अर्धा तास शांतपणे ऐकून घ्यावे आणि मग हा विषय तालीमचा आहे की नाही, ते आपणच ठरवावे.

आपल्या कंधारसारख्या तालुक्याच्या गावी चौथी-पाचवीपर्यंत मुलगे आणि मुली मधल्या सुटीत सारखेच धावतात. सातवी-आठवी आली की मैदानावरून मुली नाहीशा होतात. त्यांना कोणी रागावून घालवून देतो असे नव्हे. अम्मी म्हणते, आता मोठी झालीस. अब्बांना कोणीतरी रस्त्यात विचारतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी मैदानाच्या कडेने खाली मान घालून घरी जाऊ लागते. हे इतक्या मुकाट्याने घडते, की त्यात काही गमावले असे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पालकांना विचारले, तर त्यांची कारणे साधी असतात. शिकविणारा पुरुष आहे. कपडे तोकडे आहेत. स्पर्धेला परगावी जावे लागते, तेथे मुक्कामाला सोबत कोण? अभ्यास बुडतो. आणि शेवटी, यातून पुढे मिळणार काय? या पाच प्रश्नांना हसून चालणार नाही. काळजी करणारा बाप काही मागासलेला नसतो. परंतु काळजीला दोन उत्तरे असतात. एक म्हणजे दार बंद करणे, आणि दुसरे म्हणजे दाराशी योग्य बंदोबस्त करून ते उघडे ठेवणे. आज मला दुसऱ्या उत्तराविषयी बोलायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मुलींना मैदानापासून दूर ठेवणे हे केवळ आपल्याच समाजात घडले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील मुलींनी फुटबॉलचे संघ काढले. त्यांपैकी प्रेस्टन गावच्या डिक-केर कारखान्याच्या संघाचा सामना २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला झाला, तो पाहायला सुमारे ५३ हजार लोक जमले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे म्हणून आपल्या सभासद क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. फुटबॉलचे वेड असलेल्या ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत मुलींच्या फुटबॉलला कायद्यानेच मनाई होती. म्हणजे हा प्रश्न साऱ्या जगाचा होता, आणि जगाने तो हळूहळू सोडविला. तेव्हा आपणही न्यूनगंड सोडून आपल्या पद्धतीने तो सोडवू शकतो.

आपल्या पद्धतीने म्हणजे कसे? त्यासाठी आपल्याच शैक्षणिक इतिहासातले एक उदाहरण घेऊ. १९०६ साली शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वाहिद जहाँ बेगम यांनी अलीगढला मुलींची शाळा काढली. त्या काळी शरीफ घराण्यातील मुली रस्त्याने चालत शाळेत जाणे अशक्य होते. संस्थापकांनी पालकांशी वाद घातला नाही. त्यांनी पडदा लावलेल्या डोल्यांची सोय केली, शिकवायला स्त्री शिक्षिका ठेवली, आणि पुढे वसतिगृह निघाले तेव्हा बेगम साहिबा स्वतः मुलींजवळ राहिल्या. पालकांची काळजी होती तशीच राहिली, पण तिला उत्तर मिळाले आणि मुली शिकल्या. आज आपल्या संस्थांमधून मुली दहावी-बारावीत पहिल्या येतात, त्यामागे अशा शेकडो लहान बंदोबस्तांचा हात आहे. आणि त्यांतला सर्वांत मोठा बंदोबस्त म्हणजे शाळेत बाई शिकवायला आल्या, हा होय. बाई आल्या म्हणून मुली आल्या. त्या मुलींपैकी काही पुन्हा बाई झाल्या.

मैदानाचेही नेमके हेच आहे. मघाशी जे पाच प्रश्न सांगितले, त्यांपैकी बहुतेकांचे उत्तर एकच, ते म्हणजे महिला प्रशिक्षक. पण महिला प्रशिक्षक आकाशातून पडत नाही. जी मुलगी स्वतः सतरा-अठरा वर्षांची होईपर्यंत खेळली, आणि जिने खेळता खेळता शिक्षणही पुरे केले, तीच पुढे प्रशिक्षिका होते. आपण सातवीत तिला घरी बसविली, तर पुढच्या पिढीच्या मुलींना शिकविणारी कोठून आणणार?

आता अशा स्त्रिया खरोखर आहेत काय, असे आपण विचाराल. आहेत, आणि आपल्याच महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातला गडहिंग्लज हा आपल्या कंधारसारखाच शेतीवर जगणारा तालुका. तेथील एका शेतकरी कुटुंबातली मुलगी, अंजू तुरंबेकर, फुटबॉल खेळू लागली आणि महाराष्ट्राच्या संघापर्यंत पोचली. पुष्कळांचा प्रवास येथे संपतो. लग्न होते, बूट माळ्यावर जातात. त्यांनी मात्र प्रशिक्षणाकडे मोर्चा वळविला. एकेक परीक्षा देत त्यांनी आशियाई फुटबॉल महासंघाचा ‘ए’ परवाना मिळविला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलामुलींच्या पायाभूत खेळाचा जो विभाग आहे, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. देशभर फिरून त्यांनी नुसत्या खेळाडूंना नव्हे, तर प्रशिक्षकांनाही शिकविले. पुढे गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबमध्ये युवा खेळाडू घडविण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. गावच्या मैदानापासून देशाच्या संस्थेपर्यंतचा हा प्रवास गोल मारण्याच्या जोरावर झाला नाही. तो शिकण्याच्या आणि शिकविण्याच्या जोरावर झाला.

गोव्याचे नाव निघालेच आहे, तर तेथील मेमोल रॉकी यांचेही उदाहरण घ्या. त्या स्वतः भारताच्या संघातून खेळल्या आणि नंतर प्रशिक्षणात उतरल्या. २०१७ साली भारताच्या महिला संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये म्यानमार येथे त्यांच्या संघाने ऑलिंपिक पात्रता स्पर्धेची दुसरी फेरी गाठली. भारतीय महिलांना हे प्रथमच साधले होते. २०१९ च्या मार्चमध्ये नेपाळमधील बिराटनगरला दक्षिण आशियाई विजेतेपद मिळाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक. २०२१ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली.

तिसरे नाव मणिपूरच्या बेमबेम देवींचे. लहानपणी मुलींचा संघच नव्हता, म्हणून त्या मुलाचे नाव धारण करून मुलांच्या संघात खेळल्या. १९९५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या भारताकडून खेळल्या आणि पुढे वीस वर्षे खेळत राहिल्या. खेळाच्या जोरावर मणिपूर पोलिसात नोकरी मिळाली. २०१४ साली मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबने त्यांना बोलाविले. २०१६ साली त्यांनी देशाकडून खेळणे थांबविले, २०१७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२० साली पद्मश्री. आज त्यांची ओळख प्रशिक्षिका म्हणूनही आहे.

या तीन चरित्रांत एक समान गोष्ट आहे, ती पालकांनी लक्षात घ्यावी. खेळाडूची कारकीर्द लहान असते. तिशी उलटली की पाय थकतात आणि एखादी गुडघ्याची दुखापत तर विशीतही सारे संपवू शकते. प्रशिक्षकाची कारकीर्द मात्र तिशीत सुरू होते आणि साठीपर्यंत चालते. म्हणून माझे म्हणणे असे, की मुलीला फुटबॉल खेळू देताना ‘ही देशाकडून खेळेल काय?’ असा प्रश्न मनात आणू नका. देशाकडून खेळणाऱ्या पंचवीस असतात. पण शिकविणाऱ्या हजारो लागतात, आणि त्या आज नाहीत.

पैशाचेही स्पष्ट बोलू, कारण घरातल्या माणसांना तेच विचारायचे असते. मुलींच्या फुटबॉलमध्ये मुलांइतका पैसा नाही. देशातील महिलांची लीग २०१६-१७ साली सुरू झाली. २०२३ साली महासंघाने असे ठरविले, की या लीगमधील वरच्या गटाच्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय मुलींशी करार करावेत आणि त्यांना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. थोड्या मुली परदेशातही गेल्या. बाला देवी २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेल्या. मनीषा कल्याण २०२२ साली सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळल्या. पण ही वाट मोजक्यांची आहे. केवळ खेळावर घर चालेल असे आश्वासन मी कोणाला देणार नाही. खेळाच्या जोडीला पदवी असावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आणि ते जमते, याचा पुरावा हवा असेल तर नादिया नदीमचे नाव घ्या. ती १९८८ साली अफगाणिस्तानात हेरात येथे जन्मली. वडील सैन्यात अधिकारी होते; २००० साली तालिबानने त्यांना ठार केले. आई पाच मुलींना घेऊन देश सोडून डेन्मार्कला पोचली. तेथे निर्वासितांच्या छावणीत नादियाने फुटबॉल हाती घेतला. पुढे ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघातून आणि इंग्लंड, अमेरिका, फ्रान्समधील मोठमोठ्या क्लबांकडून खेळली. खेळता खेळताच तिने वैद्यकीय शिक्षण घेतले आणि २०२२ च्या आरंभी ती डॉक्टर झाली. अभ्यास बुडतो म्हणून खेळ बंद करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने त्या विधवा आईचा विचार करावा. पाच मुली, परका मुलुख आणि हातात काही नाही. तरी तिने मुलींचा खेळ तोडला नाही, आणि अभ्यासही सोडू दिला नाही.

आता पोशाखाचा प्रश्न. पूर्वी या बाबतीत खरोखरच अडचण होती. २०११ साली इराणच्या मुलींना डोक्यावर रुमाल असल्यामुळे ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्यात खेळू दिले नव्हते. मैदानावर त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले. त्यावर चर्चा झाली, चाचणी झाली, आणि २०१४ साली फुटबॉलच्या नियमांतच डोके झाकण्यास परवानगी मिळाली. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझीना हिजाब घालून खेळली. विश्वचषकाच्या इतिहासात प्रौढ महिलांच्या स्पर्धेतील अशी ती पहिलीच खेळाडू. तो सामना मोरोक्कोने दक्षिण कोरियाविरुद्ध १-० असा जिंकला आणि पुढे बाद फेरीही गाठली. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी, एवढ्या साध्या कपड्यांत मुलगी नियमाने खेळू शकते. ज्या घरी हिजाब नाही, तेथेही हरकत नाही. कपड्याच्या कारणावरून मुलगी घरी बसू नये, एवढेच माझे म्हणणे.

आपल्याच देशातील, आपल्याच समाजातील उदाहरणे पाहिजेत, तर श्रीनगरकडे पाहा. नादिया निघत ही मुलगी मुलांमध्ये एकटी खेळत मोठी झाली आणि काश्मीरमधील पहिली महिला फुटबॉल प्रशिक्षक म्हणून ओळखली जाऊ लागली. आता तिच्याकडे मुली आणि मुलगे दोघेही शिकतात. तितके दूर जायचे नसेल, तर मुंबईजवळच्या मुंब्र्याकडे पाहा. दाट वस्ती, मोकळी जागा थोडी, तीही मुलांनी व्यापलेली. तेथे ‘परचम’ संस्थेच्या सबा खान यांनी मुलींचा फुटबॉल सुरू केला. मैदान मिळावे म्हणून मुलींनी स्वतः फिरून लोकांच्या सह्या गोळा केल्या. वेगवेगळ्या धर्मांच्या मुली एका संघात खेळू लागल्या. त्या मुलींच्या अम्मी तुमच्या-आमच्या घरातल्यासारख्याच आहेत. शिकवायला आणि सोबत यायला बाई आहेत म्हटल्यावर त्यांनी मुलींना पाठविले.

प्रशिक्षिका कोठवर जाऊ शकते, हेही आपल्या राज्यानेच पाहिले आहे. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात चीनचा संघ दक्षिण कोरियाविरुद्ध मध्यंतराला ०-२ असा मागे होता आणि शेवटी ३-२ असा जिंकला. त्या संघाच्या प्रशिक्षिका होत्या श्वे चिंगश्या. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या चिनी संघाच्या त्या खेळाडू होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी पायाने खेळलेला खेळ त्या दिवशी त्यांनी डोक्याने खेळला.

आता विद्यार्थिनींनो, ही वाट चढायची कशी, ते तुमच्यासाठी सांगतो. शाळेच्या संघापासून आरंभ करा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी जातात. सुब्रतो चषक ही शाळांची देशातील मोठी स्पर्धा. २०१२ पासून तिच्यात मुलींचाही गट आहे. खेळाची प्रमाणपत्रे नीट जपून ठेवा. नियमात बसणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे.

बारावीनंतर दोन वाटा आहेत. पदवी घेऊन बी.पी.एड. केले, तर शाळेत क्रीडा शिक्षिका होता येते. दुसरी वाट प्रशिक्षकाच्या परवान्यांची. आरंभीचे ‘ई’ आणि ‘डी’ हे परवाने आपल्या देशातील महासंघाचे. त्यापुढे आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि सर्वांत वरचा ‘प्रो’. प्रत्येक पायरीला शिबिर असते, प्रत्यक्ष शिकवून दाखवावे लागते, परीक्षा होते. पतियाळा येथे १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, तिची प्रशिक्षकाची पदविकाही मानाची समजली जाते. पंच होण्याचीही स्वतंत्र परीक्षा आहे. या सर्वांसाठी वाचता-लिहिता-बोलता आले पाहिजे. म्हणून उर्दू आणि मराठी तर चांगली हवीच, थोडी इंग्रजीही हवी. पाहा, खेळाची गोष्ट फिरून तालीमवरच आली की नाही?

शेवटी, आपल्या कंधारात उद्यापासून काय करता येईल? मोठमोठ्या योजना मी सांगणार नाही. मन्याड खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, हे आपण जाणतोच. तेव्हा शाळेच्या आवारात एका लहान पट्ट्यावर मुरूम टाकून दबाई करावी. पाच-पाच मुलींच्या खेळाला तेवढे पुरते. मुलींसाठी आठवड्यातून तीन दिवस स्वतंत्र तास ठेवावा. रमजानमध्ये तो हलका करावा आणि वेळ बदलावी. खेळापूर्वी वीस मिनिटे अंग मोकळे करण्याचे व्यायाम घ्यावेत. मुलींच्या गुडघ्यांना मुलांपेक्षा अधिक इजा होते आणि नियमित व्यायामाने ती पुष्कळ टळते, हे सिद्ध झाले आहे. खेळानंतर गूळ-शेंगदाणे किंवा उकडलेले अंडे मिळाले, तर तेवढा आहार पुष्कळ झाला.

संस्थाचालकांना माझी एक मागणी आहे. दरवर्षी आपल्या माजी विद्यार्थिनींपैकी एका होतकरू मुलीला प्रशिक्षकाच्या पहिल्या परवान्याच्या शिबिरासाठी संस्थेने खर्च देऊन पाठवावे. सोबत तिची आई किंवा एक शिक्षिका जावी. पाच वर्षांत या तालुक्यात पाच प्रशिक्षिका होतील. मग कोणत्याही अब्बांना ‘शिकविणार कोण?’ असे विचारावे लागणार नाही. शेजारच्या मोहल्ल्यातली, ओळखीच्या घरातली आपाच शिकवीत असेल.

आणि पालकांना माझी विनंती अगदी थोडी आहे. मुलगी सातवीत गेली म्हणून तिचा खेळ आपोआप बंद होऊ देऊ नका. बंद करायचाच असेल, तर आधी शाळेत येऊन बसा, आपली अडचण सांगा. वेळ बदलता येते, कपडे बदलता येतात, सोबत देता येते. हे काही न विचारता मुलगी घरी बसली, तर तिचे नुकसान होते. आणि तिच्याकडून पुढे ज्या चाळीस-पन्नास मुली शिकल्या असत्या, त्यांचेही होते.

भारताच्या महिला संघाने २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला. पात्रता फेरी जिंकून तेथे जाण्याचा मान भारतीय मुलींना प्रथमच मिळाला. त्या संघात मणिपूरच्या, बंगालच्या, हरियाणाच्या, पंजाबच्या लहान गावांतील मुली आहेत. मराठवाड्याचे नाव तेथे कधी येईल ते अल्लाहला ठाऊक. पण एखाद्या गावच्या मैदानावर मुलींना शिकविणारी आपा कंधारची असावी, एवढी इच्छा तर आपल्या हातात आहे.